इनास मास्तरांची दुरुस्ती

पेपरात कुठेही 'हजारोंच्या उपस्थितीत' हे शब्द दिसले की मी अजून थबकते. हजारो म्हणजे किती, आणि ते मोजले कोणी? खरं तर असे प्रश्न विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी भाजीत मीठसुद्धा अंदाजाने घालते आणि नातेवाइकांची वयं तर त्याहून अंदाजाने सांगते. हे प्रश्न इनास मास्तरांचे. ते मला कसे चिकटले, ते सांगायचं तर आधी आमच्या साप्ताहिकाबद्दल सांगायला हवं.

वसईच्या पारनाक्याजवळ एका कौलारू घराच्या दोन खोल्यांतून ते निघायचं. नाव सांगत नाही, कारण त्यात छापलेल्या निम्म्या गोष्टींची जबाबदारी आज कोणी घेणार नाही, मीही नाही. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मागच्या खोलीत शिशाचे खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर आणि पायाने चालवायचं छपाईचं यंत्र. पुढच्या खोलीत मोठ्या टेबलामागे मालक, संपादक आणि व्यवस्थापक असे तिन्ही भाऊ. म्हणजे माणूस एकच, आम्ही सगळे त्यांना 'भाऊ' म्हणायचो. आणि दाराजवळच्या लहान टेबलावर मी. मुलांना शाळेत आणि नवऱ्याला कचेरीत पाठवून अकरा ते चार प्रुफं तपासायला यायचे. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे वसईची केळी, वसईचे मासे आणि वसईची माणसं मला सारखीच नवी होती.

अंक शनिवारी निघायचा. सोमवारी सव्वाअकराला बाहेरच्या भिंतीला सायकल टेकवल्याचा आवाज आला की भाऊ फोन उचलायचे. आमचा फोन बहुतेक वेळा बंदच असायचा, पण मास्तर आले की भाऊंचं त्यावर फार महत्त्वाचं बोलणं सुरू व्हायचं.

मास्तर आत यायचे. उंच, काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच. निर्मळच्या पुढच्या एका गावात त्यांचं घर आणि लहानशी वाडी होती. प्राथमिक शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. केळीच्या पानात गुंडाळलेली सोनचाफ्याची फुलं ते आधी माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मग त्याच्या शेजारी आमचाच शनिवारचा अंक, लाल पेन्सिलने रेघा मारलेला.

"नमस्कार बाई. फुलं पाच आहेत. चुका नऊ."

आवाजात राग नसायचा. डॉक्टर ताप किती आहे ते सांगतात, तसं सांगायचे. पहिल्या सोमवारी मला वाटलं शुद्धलेखनाच्या असतील आणि माझा चेहरा उतरला, कारण ते खातं माझं. पण मास्तरांना ऱ्हस्व-दीर्घाचं काही पडलेलं नव्हतं. "ते तुम्ही बघाल हो," ते म्हणाले. "मी फक्त घडलं काय आणि छापलं काय तेवढं बघतो." मग एकेका लाल रेघेवर बोट ठेवून विचारायचे, "ही बातमी आली तेव्हा तिथं कोण होतं?"

बहुतेक वेळा कोणीच नसायचं. आमच्या बातम्या सलूनमध्ये, चहाच्या दुकानात, स्टेशनच्या बाकावर जन्माला यायच्या आणि भाऊंच्या टेबलापर्यंत येईतो चांगल्या धष्टपुष्ट व्हायच्या. मास्तर नऊच्या नऊ चुका संपवायचे, उठायचे आणि जाता जाता भाऊंना विचारायचे, "दुरुस्ती छापणार का?"

भाऊ फोनवर हात ठेवायचे. "मास्तर, किती वेळा सांगू? पेपर एकदा चुकलो म्हणाला की संपला. उद्या आपण सूर्य पूर्वेला उगवतो छापलं तरी लोक खिडकीतून बघतील. इज्जतीचा प्रश्न आहे हा."

"बघू देत की खिडकीतून," मास्तर म्हणायचे. "बरं. पुढच्या सोमवारी विचारतो."

आणि ते खरंच विचारायचे. दीड-दोन वर्षं, एक सोमवार न चुकवता. मला त्यांची गंमतही वाटायची आणि वैतागही यायचा. एवढं काय अडलंय या माणसाचं एका दुरुस्तीवाचून, असं मी कंपोझिटरांशी बोलायचे. ते खिळे जुळवता जुळवता हसायचे.

एकदा आम्ही छापलं की निर्मळच्या एका बागायतदाराच्या केळीला चारशे केळ्यांचा लोंगर लागला. बातमी भाऊंची; केस कापता कापता बागायतदाराच्या मेव्हण्याकडून मिळालेली. सोमवारी मास्तर आले ते केळी मोजून आले. सायकलवरून त्या वाडीत गेले, बागायतदाराला शेजारी उभं केलं आणि एकेक फणी मोजली. दोनशे सहा. मास्तर अजून बसलेच होते तेवढ्यात स्कूटरवरून तो बागायतदार स्वतः येऊन थडकला. मला वाटलं, आता हा भाऊंना फैलावर घेणार. तर तो मास्तरांवरच उखडला.

"मास्तर, तुम्ही शेजारी म्हणून गप्प बसलो. पण चारशे छापून आलेत ना? पाव्हणे येऊन लोंगर बघून गेले. आता त्यांना परत बोलवून दोनशे सहा सांगू का?"

भाऊंचा चेहरा उजळला. मास्तर त्या माणसाला म्हणाले, "अरे, दोनशे सहासुद्धा पुष्कळ आहेत. तुझ्या केळीनं एवढं केलं, तिला वर आणखी कशाला खोटं पाडतोस?" बागायतदारानं स्कूटरला किक मारली आणि गेला. पण दुरुस्ती त्या वेळीही छापली गेली नाही.

दुसरा प्रसंग माझाच आहे, म्हणून तो लपवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी एका गावात वाचनालयाचं उद्घाटन होतं आणि अंक तर शुक्रवारी दुपारीच छापायला जायचा. अशा वेळी आमची पद्धत ठरलेली होती. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि 'होणार आहे'चं 'झाले' करायचं. त्या दिवशी भाऊ बाहेरगावी होते, म्हणून ती बातमी मी केली. पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचं नाव होतं. त्यांनी 'ग्रंथ हेच गुरू या विषयावर ओघवत्या भाषेत विचार मांडले आणि श्रोते मंत्रमुग्ध झाले' असं मी लिहिलं. मला तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

सोमवारी मास्तरांनी फुलं ठेवली, अंक ठेवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, त्या भाषणाची प्रत मिळेल का?"

"कुठल्या भाषणाची?"

"वाचनालयाच्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. पाहुणे आलेच नाहीत. आठ वाजेपर्यंत वाट बघून सरपंचांनी फीत कापली. पण तुमच्याकडचं भाषण चांगलं झालेलं दिसतंय, म्हणून वाचावंसं वाटलं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्या दिवशी चुकांचा आकडासुद्धा सांगितला नाही त्यांनी. त्यानंतर मी निमंत्रणपत्रिकेवरून एकही ओळ लिहिली नाही, आणि भाऊंनाही लिहू दिली नाही.

नाताळात मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांची बायको एलिझाबाई गोल चेहऱ्याच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी माझ्यापुढे फराळाची बशी ठेवली आणि मास्तरांकडे बोट करून म्हणाल्या, "यांना काही बातमी सांगायची सोय नाही हो. शेजारणीला मुलगा झाला म्हटलं तर विचारतात, तू बघून आलीस का. बघून येईपर्यंत ते पोर चालायला लागतं." मास्तर शेजारी बसून शांतपणे करंज्या खात होते. करंज्या त्यांनी केलेल्या असाव्यात, कारण सगळ्या एका मापाच्या होत्या.

अखेर भाऊच कंटाळले. एका सोमवारी त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, टीका करणं सोपं आहे. तुम्हीच का नाही होत आमचे वार्ताहर? बघू किती बातम्या देता." भाऊंना वाटलं होतं मास्तर मागे सरतील. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, "सुरुवात कधीपासून करू?"

त्यांच्या बातम्या म्हणजे एक प्रकरणच होतं. एका वाडीतल्या नारळचोरीची बातमी त्यांनी अशी दिली: 'अकरा नारळ चोरीला गेले. मालक चौदा म्हणतात. परंतु त्यांपैकी तीन मागील आठवड्यात त्यांच्या व्याह्यांनी नेले होते, असे मालकांच्या पत्नी सांगतात.' एका मिरवणुकीची बातमी तीन आठवड्यांनी आली, कारण बँडवाले मूळचे कुठले हे त्यांना नक्की कळत नव्हतं. भाऊ डोकं धरायचे. "मास्तर, बातमी आहे ही, खटला नाही!"

पण हळूहळू एक गंमत झाली. लोक अंक उघडायचे आणि आधी खाली 'इ.' अक्षर कुठे आहे ते बघायचे. मास्तरांच्या बातमीखाली तेवढंच अक्षर असायचं. बाजारात भांडण लागलं की कोणी म्हणायचं, "इनास मास्तरांनी लिहिलंय ना? मग झालं." दोनशे सहा केळीवाला बागायतदारसुद्धा असं म्हणताना मी स्वतः ऐकलंय. भाऊंचा खप वाढला आणि मास्तरांच्या सोमवारच्या रेघा कमी झाल्या. दुरुस्तीचं मात्र ते विचारतच राहिले.

मग ते वादळ आलं. दोन दिवस वारा आणि समुद्र दोघेही पिसाळले होते. गुरुवारी वारा पडला, तशी पाचूबंदरच्या होड्यांची खबर आणायला मास्तर सायकलवरून निघाले. पाचूबंदर म्हणजे वसईच्या किल्ल्याला लागून असलेलं कोळ्यांचं बंदर. मास्तरांचं गाव तिथून काही फार लांब नाही, तेही ख्रिस्ती आणि हेही ख्रिस्ती. पण मास्तर वाडीतले. त्यांना केळीचं पान बघून पाऊस कळायचा, समुद्रातलं मात्र काही कळायचं नाही. मासे घेण्यापलीकडे ते बंदरावर गेलेलेच नव्हते.

चारला मी घरी निघायच्या बेतात असताना ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी बातमी लिहून माझ्यापुढे ठेवली. 'देवमाता' ही बस्त्याव तांडेल यांची होडी वादळात बुडाली. तांडेल आणि तीन खलाशी बेपत्ता. होडीच्या नावाची फळी किनाऱ्याला लागलेली वार्ताहराने स्वतः पाहिली आहे. मी बातमी वाचली आणि माझे डोळे भरून आले. भाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. मास्तरांनी स्वतः पाहिलंय म्हटल्यावर कोण विचारणार? शुक्रवारी ती पहिल्या पानावर मोठ्या टायपात जुळवली आणि शनिवारी अंक गेला.

'देवमाता' शुक्रवारी संध्याकाळीच पाचूबंदरला परत आली होती. वारा सुटायच्या आधीच तांडेलानं तिला सातपाटीच्या खाडीत नेऊन बांधलं होतं. तसा निरोपही जमिनीवरून आलेल्या एका अर्नाळ्याच्या होडीवाल्याकडून बुधवारीच आला होता आणि अख्ख्या बंदराला माहीत होता.

आणि फळी? ती जुन्या 'देवमाते'ची. बस्त्यावची जुनी होडी आदल्या वर्षी मोडीत काढली होती आणि नव्या होडीला तेच नाव दिलं होतं. जुनी फळी घरामागे वाळूत पायरी म्हणून टाकलेली होती. ती भरतीनं उचलून नेली आणि पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकली. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. वाडीतल्या माणसाला कुठून असणार?

हे सगळं आम्हाला कळलं ते सोमवारी, तांडेलाच्या बायकोकडून. मास्तर माझ्यासमोर बसले होते. बाहेर बायकांचा गलका ऐकू आला आणि दारात एक दणकट बाई उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तिच्या मागे एक हसऱ्या चेहऱ्याचा, काळाभोर माणूस संकोचून उभा होता.

"इनास मास्तर कोन?"

मास्तर उभे राहिले.

"मी कातरीन. आनि हा बस्त्याव तांडेल. बघा नीट, पानी गळतंय का त्याच्यातून?"

मी मास्तरांना खुर्चीकडे ढकललं, पण ते बसले नाहीत. एकटक बस्त्यावकडे बघत होते. मग त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "देवाची कृपा." त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी विसरणार नाही. आपण चुकलो हे त्यांना पुढच्या क्षणी कळलं.

कातरीनबाईंना मात्र आनंदाशी कर्तव्य नव्हतं. "तुमचा कागद कोनीतरी उत्तनला नेला. माझी आय तिथं. रविवारी मिस्सा करून आय आनि बारा बाया काळी लुगडी नेसून रडत आल्या माझ्या दारात. आनि हा आत बसून भात खात होता! आय तिथंच पडली. शुद्धीवर आली, त्याला हात लावून बघितला, तरी म्हनते, छापलंय ते खोटं कसं असेल? याच्यात कायतरी वायट हाय."

"मला काय नाय झालं मास्तर," बस्त्याव मागून म्हणाला. "पन ही आनि हिची आय मला होडीवर जाऊ देत नाय."

"नायच देनार! पेपरात मेलेला मानूस मी पान्यावर धाडनार नाय. माझा दादला तुमी कागदावर बुडवला. आता कागदावरच वर काढा त्याला. तवर 'देवमाता' काठालाच."

भाऊंनी ताबडतोब सूत्रं हातात घेतली. अशा वेळी ते फार गोड बोलायचे. "बसा वहिनी, बसा. अहो, यात काय एवढं? या शनिवारी छापू की, 'देवमाता सुखरूप परतली'. मोठ्ठा मथळा! तुमचंही काम झालं, मास्तरांचंही नाव राहिलं."

कातरीनबाई विचारात पडल्या. बस्त्याव तर खूशच झाला. मलाही ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मास्तरांची अब्रू आता माझ्या जिव्हाळ्याची झाली होती. भाऊ, मास्तर आणि मी गप्प बसलो असतो तर मास्तर चुकले हे त्यांच्या गावात कोणाला कळलंही नसतं.

"नाही," मास्तर म्हणाले. "परतली म्हणजे हरवली होती असा अर्थ होतो. ती हरवली नव्हती. ही दुसरी चूक होईल."

"मास्तर, तुमच्या भल्यासाठी सांगतोय," भाऊ म्हणाले. "लोक तुमच्या नावावर पेपर घेतात. तुम्हीच चुकलो म्हणालात तर उरलं काय?"

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढलं, त्यातून पिवळा पडलेला कागदाचा तुकडा काढला आणि भाऊंपुढे ठेवला. मुंबईच्या कुठल्याशा दैनिकाचं कात्रण होतं, बरंच जुनं. 'वसई तालुक्यात शाळेचे छप्पर कोसळले. तीन मुले जखमी. शिक्षक गैरहजर.'

"तो शिक्षक मी," मास्तर म्हणाले. "मी गैरहजर नव्हतो. सगळी मुलं बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा होतो. जखमी तीन नव्हते, एकच होता." त्यांनी डावा हात पुढे केला. कोपराजवळ तो किंचित वाकडा होता. इतकी वर्षं आमच्या लक्षात आलं नव्हतं. "माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना कोणीतरी हे वाचून दाखवलं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण पोराचं खरं मानायचं की छापलेलं, हे काही त्यांना ठरवता आलं नाही. मी त्या पेपरला पत्रांमागून पत्रं लिहिली. म्हटलं, एक ओळ छापा, मी बापाला दाखवीन. नाही छापली. वडील गेले."

कातरीनबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. मला आमच्या त्या दीड-दोन वर्षांच्या हसण्याची लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते.

भाऊंनी कात्रण दोनदा वाचलं. ते उचलून नीट घडी करून मास्तरांना परत दिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "पहिल्या पानावरची जाहिरात काढा रे! तिथं मास्तरांचा मजकूर लागेल."

"बातमी ज्या टायपात, त्याच टायपात," मास्तर म्हणाले.

"त्याच टायपात!" भाऊ आणखी मोठ्यानं ओरडले.

त्या आठवड्यात मास्तरांना बरंच सोसावं लागलं. गावात गोष्ट पसरलीच होती. दोनशे सहावाला बागायतदार मुद्दाम ऑफिसात येऊन म्हणाला, "केळी मोजणाऱ्यानं चार माणसं बुडवली म्हणे!" मास्तर म्हणाले, "हो. शनिवारी वाच." एलिझाबाईंनी निरोप पाठवला की हे रात्री जेवत नाहीत, तुम्ही काहीतरी समजवा. मी समजवायला गेले तर मलाच सांगू लागले. "बाई, मी गेलो होतो, पाहिलंही होतं. बायका समुद्राकडे तोंड करून गप्प उभ्या होत्या. मला वाटलं, दुःखात आहेत, यांना काय विचारायचं? शोभत नाही ते. म्हणून कोणालाच विचारलं नाही. त्या तर नुसत्या मासळी नाही म्हणून खोळंबल्या होत्या."

शनिवारी सकाळी ते ऑफिसात आले आणि म्हणाले की अंक घेऊन मी पाचूबंदरला जातो. तिथल्या बायकांना वाचता येत नाही, नुसतं छापून त्यांना काय उपयोग? मीही निघाले. टांग्यात बसतो तो भाऊ धावत आले. मासे घ्यायचेत, म्हणाले. भाऊंच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे.

बंदरावर मासळीचा लिलाव ऐन रंगात आला होता. ओरडा, पाणी, टोपल्या, कुत्री, बायकांची भांडणं. बाजूला 'देवमाता' रिकामी बांधलेली होती आणि बस्त्याव तिच्या दोराशी उगाच चाळा करत बसला होता. मास्तर एका उपड्या खोक्यावर चढले. पायात क्लिप नव्हती, कारण सायकल नव्हती, तरी पँटचा पाय सवयीनं तिथं चुरगळलेला होता. कातरीनबाईंनी एकच हाक दिली आणि लिलाव थांबला. तीस वर्षं वर्ग शांत करणाऱ्या मास्तरांनाही ते एका हाकेत जमलं नसतं.

मास्तरांनी वाचलं. "गेल्या अंकात मी, इनास मास्तर, असे लिहिले की 'देवमाता' ही होडी बुडाली. ते खोटे आहे. होडी बुडाली नाही, हरवली नाही. बस्त्याव तांडेल व त्यांचे तीन खलाशी वादळापूर्वीच सातपाटीच्या खाडीत सुखरूप होते. मी पाहिलेली फळी जुन्या होडीची होती. मी बंदरावर गेलो, परंतु एकाही माणसाला विचारले नाही. ही चूक माझी एकट्याची आहे. या बातमीमुळे ज्यांना रडावे लागले, त्या सर्वांची मी क्षमा मागतो."

कोणी हसलं नाही. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, ते भाऊ होते. बस्त्याव दोर सोडायला उठला.

"थांब रे," कातरीनबाई ओरडल्या. "मास्तर, परत वाचा. माझी आय आत्ता पोचली."

दोन बायकांच्या आधाराने एक वाकलेली म्हातारी गर्दीतून पुढे आली आणि खोक्याजवळ जाळ्यांच्या ढिगावर बसली. अजून काळं लुगडं होतं अंगावर. मास्तर खोक्यावरून उतरले, तिच्या समोर ओल्या जमिनीवर उकिडवे बसले आणि स्वतःच्या नावापासून सगळं पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक ओळ थांबून. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिने लेकीला विचारलं, "हा कोन?"

"ज्यानं बुडवला ना, तोच हा."

"त्यानंच लिवलं होतं?"

"त्यानंच."

"आनि तोच सांगतो, खोटं म्हनून?"

"हां, आये."

म्हातारीने मास्तरांच्या हातातला अंक घेतला, तो तिने उलटाच धरला होता, आणि त्यावरून एकदा तळहात फिरवला.

"मंग खरं हाय," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला."